हेवी ड्यूटी पिकअप: ओढ, भार आणि त्यांचा हिशेब

अमेरिकेतली हेवी ड्यूटी पिकअप ही मोटारगाडी आणि मालट्रक यांच्या मधली पायरी आहे. तिची ओळख आकारावरून नव्हे, पासिंगवरून ठरते. गाडीचे स्वतःचे वजन, इंधन, माणसे आणि माल मिळून चाकांवर जास्तीत जास्त किती वजन येऊ द्यायचे, हा आकडा कारखानाच ठरवतो. तो ८,५०१ ते १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,८५६ ते ४,५३६ किलो असेल तर गाडी '२-बी' वर्गात मोडते आणि १४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ६,३५० किलोपर्यंत असेल तर तिसऱ्या वर्गात. फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५०, राम २५०० आणि ३५००, तसेच शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा यांच्या त्याच क्रमांकांच्या गाड्या या घरातल्या. जुने लोक त्यांना अजूनही 'पाऊण टनी' आणि 'एक टनी' म्हणतात. ही नावे पूर्वीच्या भारक्षमतेवरून पडली. आजची एक टनी पिकअप योग्य बांधणीत तीन टनांहून अधिक भार घेते.

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकवरून डॉजने १९४६ मध्ये नागरी 'पॉवर वॅगन' काढली. फोर्डची एफ मालिका १९४८ मध्ये सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे हलक्या आणि जड पिकअपची केबिन एकच असे. फरक असे तो पाटे, अ‍ॅक्सल आणि चाकांमध्ये. १९९९ च्या मॉडेलपासून फोर्डने 'सुपर ड्यूटी' या नावाने जड पिकअप वेगळ्या चासीवर बांधली आणि ही वाटणी पक्की झाली. हलकी पिकअप हळूहळू कुटुंबाच्या मोटारीकडे झुकली, जड पिकअप मात्र ट्रकच राहिली. तिचे गुणदोष तपासताना ही गोष्ट विसरली की सगळा हिशेब चुकतो. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग भरलेल्या गाडीसाठी घडवलेला असतो आणि गाडी रिकामी असली की तोच भाग अडचणीचा होतो.

मागच्या अ‍ॅक्सलवरून हे लगेच कळते. मोटारीत चाकाला फिरवणारा दांडाच गाडीचे वजनही पेलतो. जड पिकअपमध्ये वजन अ‍ॅक्सलच्या पोलादी हाउसिंगवर बसवलेल्या हबवर येते आणि आतला दांडा फक्त फिरवण्याचे काम करतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. हबचे बोल्ट सोडून दांडा रस्त्याकडेलाही बाहेर काढता येतो. मोठ्या ट्रकची हीच रचना आहे. ती जड असते आणि ते वजन खड्ड्यात चाकाबरोबर उसळते. पाट्यांचेही तसेच. एक टन माल टाकला की गाडी जमिनीला धरून, संथ चालते. हौदा रिकामा असला की तेच पाटे ताठ राहतात, मागचा भाग उड्या घेतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके लवकर घसरतात. रामने २०१४ मध्ये २५०० च्या मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग बसवल्या. त्यामुळे रिकाम्या गाडीचे दणके कमी झाले, पण जास्त भाराच्या ३५०० मध्ये पाटेच ठेवावे लागले.

पुढच्या चाकांबाबत दोन मते आहेत. चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांत फोर्ड आणि राम पुढेही अखंड अ‍ॅक्सल देतात, तर जनरल मोटर्स टॉर्शन बारवर टेकलेले स्वतंत्र सस्पेन्शन देते. बर्फ ढकलायचा अवजड फाळ पुढे लावायचा असेल किंवा खडकाळ कुरणात गाडी घालायची असेल तर अखंड अ‍ॅक्सल भक्कम ठरतो. महामार्गावर जनरल मोटर्सच्या गाड्या सरळ आणि शांत धावतात. अखंड अ‍ॅक्सलचा एक दोष मालकांच्या चांगला परिचयाचा आहे. अ‍ॅक्सलला आडवे धरून ठेवणाऱ्या दांड्याचे बूश झिजले, बॉल जॉइंट सैल झाले किंवा स्टेअरिंगचा डँपर थकला की वेगात एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन पुढची दोन्ही चाके थडाथडा हलू लागतात आणि वेग बराच खाली आणल्याशिवाय थांबत नाहीत. याला तिकडे 'डेथ वॉबल' म्हणतात. नुसता डँपर बदलल्याने लक्षण झाकले जाते, मूळ सैलपणा तसाच राहतो. वाढीव उंचीच्या स्प्रिंग आणि मोठे टायर लावलेल्या गाड्यांत हा त्रास अधिक संभवतो.

या वर्गाची खरी मिजास इंजिनात आहे. १९८९ च्या डॉज राममध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन आले तेव्हा अमेरिकी पिकअपचे गणित पालटले. अश्वशक्ती अवघी १६०, पण टॉर्क ४०० पौंड-फूट, म्हणजे ५४२ न्यूटन-मीटर, आणि तोही कमी फेऱ्यांवर. हे इंजिन मुळात शेती आणि बांधकामाच्या यंत्रांसाठीही घडवलेले होते. महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांना त्याचे घराणे अनोळखी नाही. कमिन्स १९६२ पासून पुण्यात किर्लोस्करांच्या भागीदारीत इंजिने बनवू लागली होती आणि पुढे टाटा कमिन्सने ५.९ लिटरचे हेच कुळ टाटाच्या १६१३ सारख्या सोळा टनी ट्रकमध्ये बसवले. आपल्याकडे सोळा टनांचा ट्रक चालवणारे इंजिन तिकडे पिकअपच्या बोनेटखाली गेले, एवढ्यावरून त्या गाडीची जात कळावी.

स्पर्धा मग थांबली नाही. फोर्डने इंटरनॅशनल कंपनीचे ७.३ लिटरचे 'पॉवर स्ट्रोक' १९९४ च्या मॉडेलपासून वापरले. जनरल मोटर्सने इसुझूबरोबर घडवलेले 'ड्युरामॅक्स' २००१ मध्ये अ‍ॅलिसन गिअरबॉक्ससह आणले. २०१९ मध्ये रामच्या ६.७ लिटर कमिन्सने १,००० पौंड-फुटांचा टप्पा गाठला; २०२३ मध्ये फोर्डने १,२०० पौंड-फूट टॉर्क आणि ५०० अश्वशक्ती जाहीर केली. पहिल्या कमिन्सच्या तिप्पट टॉर्क, तोही साधारण तितक्याच लांबीच्या बोनेटखाली.

हा टॉर्क चढावर कामाला येतो आणि उंचीवर त्याची किंमत आणखी वाढते. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती गमावते. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. तिथे पोहोचेपर्यंत अशा इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेल विरळ हवा दाबून आत घेते, त्यामुळे त्याची घट पुष्कळ कमी. उतारावरचा फायदा त्याहून मोलाचा. टर्बोची पाती वळवून धुराची वाट आवळली की इंजिनच गाडीला मागे खेचते. पाच-सहा टनांचा ट्रेलर मागे घेऊन लांब घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका यामुळे फार कमी होतो. जड पिकअपचा सर्वांत मोठा गुण कोणता, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल: ती ओढते त्याहून अधिक भरवशाने थांबते.

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे एकेकाळी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने काढत असे. २००८ मध्ये अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने 'जे-२८०७' ही चाचणी ठरवली. टोयोटाने ती आधी स्वीकारली, डेट्रॉइटच्या कंपन्यांना आणखी काही वर्षे लागली. या चाचणीचा एक भाग अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढाचा आहे. साधारण ११.४ मैलांची चढण, तीव्र उन्हाळा, एअर कंडिशनर पूर्ण चालू, आणि ट्रेलरसह वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. मागे डबल टायर असतील तर ३५ मैल. आजचे आकडे या कसोटीतून आलेले आहेत, म्हणून ते विश्वासार्ह आहेत. पण ते त्या गाडीच्या सर्वांत अनुकूल बांधणीचे असतात. ४०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १८ टनांचा फोर्डचा आकडा एफ-४५० च्या एका विशिष्ट बांधणीचा आहे आणि तो हौद्यात बसवलेल्या गूझनेक जोडणीवरच लागू पडतो.

खरेदीदाराची सर्वाधिक फसगत इथेच होते, म्हणून हे गणित सविस्तर पाहणे भाग आहे. ट्रेलर केवळ मागे ओढला जात नाही, तो गाडीवर टेकतोही. साध्या हुकावर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग येतो. हौद्यात जोडल्या जाणाऱ्या गूझनेक किंवा फिफ्थ-व्हील ट्रेलरचा १५ ते २५ टक्के. हा भार गाडीच्या पासिंगमधून वजा होतो. एफ-२५० सारखी चार दारांची, चारही चाके ओढणारी, चामड्याच्या आसनांची डिझेल पिकअप घ्यावी. पासिंग ४,५३६ किलो, रिकाम्या गाडीचे वजन ३,४५० किलोच्या घरात. उरले साधारण १,०९० किलो. त्यातून चार माणसे आणि सामानाचे ३२० किलो आणि जोडणीच्या सांगाड्याचे ९० किलो वजा केले की राहतात ६८० किलो. ट्रेलरचा पाचवा हिस्सा गाडीवर टेकतो असे धरले तर ही गाडी कायद्याने सुमारे ३,४०० किलोचा ट्रेलर घेऊ शकते, जाहिरातीतला आकडा नऊ टनांच्या आसपास असला तरी. सुट्टीसाठी घेतलेले साडेसहा टनांचे फिरते घर या गाडीला लागताच ती ओव्हरलोड होते. इंजिनाला मात्र ते जाणवतही नाही, आणि म्हणून चालवणाऱ्यालाही कळत नाही.

डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते, आरामाच्या सोयी वजनात भर घालतात आणि ही सगळी भर हौद्यातल्या मालातून कापली जाते. त्यामुळे साधी, दोन दारांची, पेट्रोल एफ-२५० तिच्या दुप्पट किमतीच्या डिझेल भावंडापेक्षा अधिक माल वाहते. पासिंग नेमके १०,००० पौंडांवर थांबवण्यामागे सरकारी नियमही आहेत. त्यापलीकडे गेले की आंतरराज्य व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या गाडीला संघराज्याच्या परिवहन खात्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि काही राज्यांत नोंदणी महाग होते. गाडी आणि व्यवसायासाठी ओढला जाणारा जड ट्रेलर मिळून २६,००० पौंड ओलांडले तर चालकाला व्यावसायिक परवाना लागतो. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. गाडी बघायला जाताना आधी ते दार उघडावे आणि मग बोनेट.

भार वाहणे हेच एकमेव माप मानले तर महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपची दोन टनी आवृत्ती वर सांगितलेल्या डिझेल एफ-२५० पेक्षा हौद्यात जास्त माल घेते, तेही ८० अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनावर आणि किमतीच्या एका लहानशा अंशात. नाशिकच्या द्राक्षबागेतून किंवा नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारातून माल हलवायला तीच योग्य. तुलना इथेच थांबते. बोलेरोला सहा टनांचा ट्रेलर जोडून ताशी ४० मैलांनी डेव्हिस डॅमचा चढ चढायला सांगता येणार नाही. अमेरिकी पिकअपची रचना हौद्यापेक्षा मागच्या जोडणीसाठी आहे: गुरांचे आणि घोड्यांचे ट्रेलर, गवताच्या गोल गासड्या, छोटी उत्खनन यंत्रे, टेक्सासच्या तेलक्षेत्रातली पाइपवाहतूक. पसरलेल्या शेतांच्या, लांब पल्ल्याच्या देशात एकाच गाडीने आठवडाभर ट्रेलर ओढायचा आणि रविवारी चार-पाच जणांनी तिच्यातच बसून गावात जायचे, ही गरज खरी आहे.

डिझेलची दुसरी बाजू कार्यशाळेत दिसते. जुन्या ५.९ कमिन्सचा, विशेषतः १९९४ ते १९९८ च्या यांत्रिक इंधनपंपाच्या इंजिनाचा लौकिक सार्थ आहे. अनेक गाड्यांचा पत्रा गंजून गेला, गिअरबॉक्स बदलले, इंजिन तेच राहिले. पुढची कहाणी इतकी सरळ नाही. फोर्डच्या गाड्यांतले २००३ ते २००७ दरम्यानचे ६.० लिटरचे पॉवर स्ट्रोक ऑइल कूलर चोंदणे, धूर थंड करणारा कूलर फुटणे आणि हेड गॅस्केट जाणे यांसाठी बदनाम झाले आणि त्यावरून फोर्ड व इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार यांच्यात दावे झाले. त्या गाड्यांत मोठ्या दुरुस्तीसाठी बरेच मेकॅनिक अख्खी केबिनच चासीवरून उचलून घेत. २०११ मध्ये फोर्डने ६.७ लिटरचे स्वतःचे इंजिन आणले, तेव्हा हे पर्व संपले.

त्यानंतर बोशच्या 'सीपी-४' या उच्च दाबाच्या पंपाचा प्रश्न आला. या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि युरोपात डिझेलच्या वंगणगुणाची अट अमेरिकेपेक्षा कडक आहे: घर्षण-चाचणीतल्या झिजेच्या खुणेची मर्यादा तिकडे ४६० मायक्रॉन, अमेरिकेत ५२०. पंप आतून झिजून बिघडला की धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची सगळी इंधनयंत्रणा बदलावी लागते. हा खर्च हजारो डॉलरचा. रामने २०१९ आणि २०२० च्या गाड्या परत बोलावून जुन्या धाटणीचा पंप बसवला. जुनी डिझेल पिकअप घेताना तिच्यात कोणता पंप आहे हे विचारणे म्हणूनच अगत्याचे.

धूर स्वच्छ करणारी यंत्रणा हा तिसरा मुद्दा. २००७ पासून काजळी अडवणारा फिल्टर आणि पुढच्या काही वर्षांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारणारी व्यवस्था आली. लांब पल्ल्याला, ओझे घेऊन चालणाऱ्या गाडीत फिल्टर तापतो आणि काजळी जळून जाते. रोज पाच मैल जाऊन थांबणाऱ्या गाडीत तो तापतच नाही, चोंदतो. भाराविना वापरल्याचा तोटा इथे पुन्हा दिसतो. अनेकांनी त्यावर यंत्रणाच काढून टाकण्याचा बेकायदा मार्ग पत्करला. अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार आधीच्या दशकात अशा गाड्यांची संख्या साडेपाच लाखांवर होती. उत्पादकही निर्दोष नव्हते. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० राम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण-चाचणीला बगल देणारी व्यवस्था असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड आहे. जे इंजिन मजबुतीचे प्रतीक मानले गेले त्याच्याच नावावर ही नोंद व्हावी, हे क्लेशकारक आहे.

या सगळ्यामुळे पेट्रोलकडे पुन्हा लक्ष वळले. फोर्डने २०२० मध्ये आणलेले ७.३ लिटरचे व्ही-८ मुद्दाम साध्या, जुन्या पद्धतीच्या रचनेचे आहे: ४३० अश्वशक्ती, ४७५ पौंड-फूट. डिझेलसाठी सुमारे दहा हजार डॉलर जादा मोजावे लागतात, एका वेळी ११ ते १२ लिटर ऑइल लागते, इंधन-फिल्टर महाग आहेत आणि बहुतेक राज्यांत डिझेलच पेट्रोलहून महाग आहे. वर्षातून चार-सहा वेळा ट्रेलर ओढणाऱ्याला हे पैसे कधीच वसूल होत नाहीत. महिन्याला हजारो मैल ओझे ओढणाऱ्याला मात्र पेट्रोल परवडत नाही, कारण भाराखाली त्याचे मायलेज फार झपाट्याने कोसळते. मायलेजचा अधिकृत आकडा शोधूनही सापडणार नाही. ८,५०० पौंडांवरच्या गाड्यांना इंधनवापराचे लेबल लावण्याची सक्तीच नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

गाडी रस्त्यावर आणल्यावर तिचा परिणाम इतरांवरही होतो. लांब हौद्याची, चार दारांची जड पिकअप सुमारे ६.७ मीटर लांब असते, तर अमेरिकेतली नेहमीची पार्किंगची जागा साडेपाच मीटरांच्या आसपास. पण खरा प्रश्न उंच, उभ्या बोनेटचा आहे. मोठा रेडिएटर आणि थंड हवेचे मार्ग सामावायला ते उंच झाले, आणि काही प्रमाणात दिमाखासाठीही. त्याच्या पुढ्यातले लहान मूल चालकाला दिसत नाही. वाहनविमा कंपन्यांच्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बोनेटच्या वाहनांची धडक पादचाऱ्यासाठी प्राणघातक ठरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बोनेटच्या मोटारींपेक्षा ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी मेले. २०२२ मध्ये हा आकडा साडेसात हजारांवर गेला. त्याची कारणे अनेक आहेत, पण वाहनांचा वाढता आकार त्यांतले एक मानले जाते. १०,००० पौंडांवरच्या पिकअपना सरकारी पंचतारांकित धडक-चाचणीही लागू नाही. कॅमेरे आणि आपोआप लागणारे ब्रेक यांनी धोका कमी होतो, बोनेट मात्र तेवढेच उंच राहते.

ज्या गाडीला रोज ओझे आहे तिच्या बाबतीत हा धोका पत्करण्यामागे काही कारण तरी असते. अनेक गाड्यांना ते नसते. साध्या आवृत्तीची किंमत ४५,००० डॉलरांच्या आसपास सुरू होऊन वरच्या आवृत्त्या लाखाच्या पुढे जातात. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लादला म्हणून प्रत्युत्तरादाखल १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात आली. ती टिकून राहिल्याने स्थानिक कंपन्यांना या बाजारात बाहेरची स्पर्धा फारशी सोसावी लागली नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या ६,००० पौंडांवरच्या वाहनाची किंमत आयकरात पहिल्याच वर्षी वजा करण्याची सवलतही या गाड्यांच्या पथ्यावर पडली.

वापरलेल्या जड पिकअपना चांगली किंमत येते, म्हणून जुनी गाडी घेणारे पुष्कळ. हौद्याच्या तळाशी गूझनेकचे भोक असेल तर ती खरोखर ओढायला वापरली होती, हे कळते. तो दोष नव्हे, नीट निगा राखली असेल तर उलट बरेच. ओडोमीटरपेक्षा इंजिन-तासांचा आकडा अधिक बोलका असतो. कंत्राटदारांच्या आणि तेलक्षेत्रातल्या गाड्या कामाच्या जागी दिवसभर चालू इंजिनावर उभ्या राहतात. मैल कमी दिसतात, पण इंजिन झिजलेले असते आणि फिल्टर काजळीने भरलेला. अशा उभ्या चालण्याचा एक तास सुमारे २५ मैलांच्या वापराइतका धरावा, असा हिशेब फोर्ड देते. एकूण तास आणि उभ्या चालण्याचे तास हे दोन्ही आकडे अलीकडच्या गाड्यांत चालकासमोरच्या पडद्यावरच मिळतात.